परड्यातलं प्लॅस्टिकचं गवत

माझ्या माहेरच्या घरामागं मोकळी जागा आहे. आम्ही तिला परडं म्हणतो. कोल्हापुरात अजून कुणाकडं परडं उरलंय असं कळलं की लोकांचे डोळे लगेच चमकतात, मनातल्या मनात तिथं दोन मजले चढतात. पण आमचं परडं तसं कुणाच्या कामाचं नाही. पंचगंगेच्या बाजूची काळीभोर चिकणमाती. पावसाळ्यात पाऊल टाकलं की चप्पल तिथंच राहते आणि माणूस पुढं जातो. उन्हाळ्यात तीच माती अशी फाटते की भेगेत बोट सहज जावं. एक कढीपत्त्याचं झाड, धुणं वाळत घालायच्या तारा, आणि शेवटाला छातीइतक्या उंचीची भिंत. भिंतीपलीकडं मागच्या गल्लीतल्या घराचं परडं.

त्या भिंतीशी माझ्या आईचं निम्मं आयुष्य गेलंय. पलीकडची मावशी आणि आई आगंमागंच लग्न होऊन या भागात आल्या. दुपारचा चहा झाला की दोघी आपापल्या बाजूनं भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या. कोपर भिंतीवर, पदर खांद्यावर, आणि गप्पा. कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाच्या लग्नात तांबड्या रश्शाला चव नव्हती. मध्येच एखादी वाटी इकडून तिकडं जायची. घरं पाठीला पाठ लावून, त्यामुळं रस्त्यानं जायचं म्हटलं तर सगळा वळसा घालून जावं लागतं, आणि मावशीचे गुडघे गेल्यापासून ती वळसा घालत नाही. म्हणजे काय, तर भेट व्हायची ती भिंतीशीच. लहानपणी मला या बोलण्याचा वैताग यायचा. भूक लागून मी पायरीवर हाका मारत बसलेली आणि आई तिकडून, "आलो गं, आलो," म्हणत जागची हलत नसे.

मला दिलीय ती दोन गल्ल्या पलीकडं. सकाळची शाळा शिकवून मी दुपारी आधी माहेरी जाते आणि मग घरी. नवऱ्याला सवय झालीय. भाऊ पुण्याला असतो, तो फोनवरून काळजी करतो.

काही वर्षांपूर्वी आईला कंपवात झाला. कंपवात म्हटलं की लोक हात थरथरण्याचं विचारतात. आईचा हात फारसा हलत नाही. तिचे पाय थांबतात. चांगली चालत येते आणि स्वयंपाकघराच्या दारात आली की खिळते. "पाय चिकटल्यात गं," म्हणते. खाली गुळगुळीत फरशी, समोर मोकळी वाट, आणि बाई पुतळ्यासारखी उभी. आपण म्हणावं, "आई, चल की. टाक पाऊल." तेवढं म्हटलं की आणखीच चिकटतात. हात धरून ओढलं तर वरचं अंग पुढं येतं आणि पाय मागंच. मी बरेचदा ओरडलेय तिच्यावर. राग तिच्यावर नसायचा, पण ओरडा तिलाच बसायचा.

गंमत अशी की परड्यात ती चालायची. घरात दारादारात अडकणारी माझी आई दुपारच्या उन्हात काठी टेकत, एकेक पाय नीट उचलत त्या फुटक्या काळ्या मातीतून भिंतीपर्यंत जायची. अगदी एकटी. मी पायरीवरून बघत राहायची. आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, "गप्पा म्हटलं की हिचं पाय कसं सुटत्यात बघ!" आम्ही हसायचो. तीही हसायची. त्यात आणखी काही असेल असा विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात एकदा तिची काठी भेगेत अडकली. काठीचं टोक आत गेलं, ती पुढं झुकली आणि गुडघ्यावर आली. कढीपत्त्याची फांदी हाताला लागली म्हणून तोंडावर आपटली नाही. हाडाला काही झालं नाही. गुडघा सोलवटला, हळद लावली, संपलं. आईनं ते मनावरही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घेऊन निघाली. पण आप्पांचा चेहरा उतरला होता. ते भेगा बघत फिरत होते, काठीनं त्यांची खोली मोजत होते, आणि "ह्येचा बंदोबस्त कराय पायजे" असं पुटपुटत होते.

इथं आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा उभा जन्म शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. मोल्डर म्हणजे साचा करणारा. लाकडी नमुना पेटीत ठेवायचा, त्याभोवती वाळू ठोकून ठोकून बसवायची, नमुना अलगद बाहेर काढायचा, आणि आत जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. साच्याच्या अंगाला केसाएवढी भेग राहिली तरी लोखंड तिच्यात शिरतं आणि अख्खा नग भंगारात जातो. त्यामुळं भेग म्हटलं की आप्पांच्या कपाळाची शीर उठते. घरात भिंतीला चीर दिसली तरी ते जेवण अर्धं टाकून लांबी भरून ती बुजवायला उठतात. माझ्या लग्नात मांडवाच्या जमिनीला चिरा पडल्या म्हणून त्यांनी मंडपवाल्याशी भांडण काढलं होतं. असा माणूस, आणि त्याच्या बायकोची काठी भेगेत अडकलेली. आता तो थांबतोय काय?

प्लॅस्टिकच्या गवताचं मी सुचवलं असं आप्पा म्हणतात. त्यांनी सुचवलं असं मला आठवतं. शिरोली नाक्याकडच्या एका हॉटेलच्या अंगणात आम्ही दोघांनी ते बघितलं होतं, एवढं मात्र खरं. हिरवंगार, मऊ, वर्षभर तसंच. चिखल नाही, भेगा नाहीत, पडलं तरी लागायचं नाही. आईसाठी याहून चांगलं काय असणार? भावालाही फोटो पाठवला. त्यानं तीन अंगठे पाठवले.

लॉनवाला बघायला आला. बोलका माणूस. माती चिमटीत घेऊन म्हणाला, "काका, काळी माती हाय ही. पावसात फुगती, उन्हात आकसती. हिच्यावर डायरेक्ट टाकलं तर वरचं गवत लाटा मारंल. फूटभर उकरून खडी भरायला लागंल, मग वर बारीक खड्यांची कच, मग गवत."

"खडीची गरज न्हाय," आप्पा म्हणाले. "वाळू भरतो."

"काका, वाळू न्हाय चालत."

"पावणं, वाळूचं मला सांगू नका. तुमी फकस्त वरचं गवत आना. खालचं मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं. फाउंड्रीबाहेर ओतकाम होऊन गेलेली जळकी काळी वाळू ढिगानं पडलेली असते. जुन्या ओळखी होत्याच. मजूर लावून परड्यातली माती उकरली. ती एक वीटभट्टीवाला खुशीनं घेऊन गेला. मग ट्रॉलीनं वाळू आली, आणि निवृत्त झाल्यापासून पेपर वाचून कंटाळलेला माझा बाप एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. पहाटे उठायचे. वाळूचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, मूठ आवळून बघायची, पुन्हा शिंपडायचं, आणि मग धुम्मस घेऊन ठोकायला लागायचे. मजुरांवर त्यांचा विश्वास नव्हता. "हाताला वजन न्हाय ह्यांच्या," म्हणायचे. आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि चहा झाला की तिथूनच भिंतीकडं तोंड करून ओरडायची, "ठोकाय लागल्यात गं! तुझ्याकडंबी हादरं बसत असतील की!" पलीकडून मावशी ओरडायची, "भांडी वाजाय लागल्यात बघ अक्का!"

खोटं कशाला बोलू, काम एक नंबर झालं होतं. पट्टी फिरवून, पाणसळ लावून आप्पांनी सगळं एकसारखं आणलं. पाणी जायला भिंतीकडं हलकासा उतार ठेवला, तोही डोळ्याला दिसू नये असा. वरून हात फिरवला तर एक खडा बोटाला लागत नव्हता. लॉनवाला गवताच्या गुंडाळ्या घेऊन आला आणि बघतच राहिला. म्हणाला, "काका, ह्याच्यावर गवत टाकायचं जिवावर येतंय." आप्पा दिवसभर ते वाक्य चघळत होते.

गवत पसरलं. जोड चिकटवले. संध्याकाळच्या उन्हात परडं असं दिसत होतं की आपलंच आहे यावर विश्वास बसेना. आप्पांनी आईला हाक मारली. मी तिचा हात धरून तिला मागच्या दारात आणली. पलीकडं मावशी डोक्यावर पदर घेऊन नटून उभी. जणू काही उद्घाटनच.

आई पायरी उतरली आणि थांबली.

"चपला काढू का?" तिनं विचारलं.

"काढ नायतर घाल, चालतंय," आप्पा म्हणाले.

तिनं चपला काढल्या. एक पाय गवतावर ठेवला. दुसरा उचलेना. ती खाली बघत होती, हिरव्या एकसारख्या त्या पसाऱ्याकडं, आणि तिच्या टाचा आतल्या आत थडथडत होत्या. "चल की आई," मी म्हटलं. "मऊ आहे बघ किती." आप्पा म्हणाले, "भिऊ नको, पडलीस तरी लागायचं न्हाय." मावशी तिकडून म्हणाली, "ये की गं अक्का, किती नखरं!" सगळ्यांनी मिळून तिला एवढं बोलावलं की ती घामाघूम झाली. शेवटी मी आणि आप्पांनी दोन्ही दंड धरून तिला उचलल्यासारखं करून नेलं. ती मावशीशी दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "मला आत न्या."

नवीन आहे, सवय होईल, असं आम्ही म्हणत राहिलो. सवय झाली नाही. दिवस गेले तशी ती मागच्या दारातच थांबायला लागली. मग दारातही येईना. चहा झाला की ती खुर्चीत बसून राहायची आणि मावशी भिंतीवरून हाका मारायची. आई तिथूनच उत्तर द्यायची, पण या आजारात आवाजही बारीक होत जातो. तिचं अर्धं बोलणं तिकडं पोचायचंच नाही. मी मधे उभी राहून निरोप पोचवायला लागले. "मावशी, आई विचारतेय डोहाळजेवणाला कोण कोण होतं." दोन बायकांच्या चहाडीला मध्यस्थ लावला की तिच्यात काय मजा राहणार? हळूहळू हाकाही कमी झाल्या.

आप्पा रोज सकाळी ते गवत झाडायचे. कढीपत्त्याची पिवळी पानं एकेक करून वेचायचे. पावसाळ्यात आजूबाजूच्या परड्यांत गुडघाभर चिखल झाला, आमच्याकडं पाण्याचा एक थेंब थांबला नाही. ते दारात उभं राहून बघायचे आणि आईला म्हणायचे, "बघ, कसं पानी जातंय." आई म्हणायची, "झकास केलासा." एवढं झकास, की त्यावर पाय ठेवणारी एकच बाई आणि तिला ते पार करता येत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि घरी व्यायाम शिकवायला एक फिजिओ पाठवली. तरुण मुलगी, स्कूटीवरून यायची, रेनकोट दारात टांगायची. पहिल्याच दिवशी तिनं आईला चालायला लावलं आणि आई स्वयंपाकघराच्या दारात खिळली. ती मुलगी "चला" म्हणाली नाही. ओढलंही नाही. इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात आप्पांची वाळू सपाट करायची लाकडी पट्टी उभी होती. ती तिनं उचलली आणि आईच्या पायापुढं आडवी ठेवली. म्हणाली, "काकी, ही ओलांडा."

आईनं पाय उचलला आणि पट्टी ओलांडली. मग दुसरा. दारातून पार.

मी आणि आप्पा नुसते बघत राहिलो. मग त्या मुलीनं समजावून सांगितलं. या आजारात पाय आपोआप उचलायची सवय जाते, पण डोळ्यांना ओलांडायला काहीतरी दिसलं की पाय त्याच्यासाठी उचलतो. रेघ, पट्टी, फरशीचा सांधा, काहीही. एकसारखं, सपाट, गुळगुळीत दिसलं की अडकतो. म्हणाली, "पूर्वी कुठं बरं चालत होत्या का या?"

"परड्यात," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच मी मागच्या दाराकडं बघितलं.

"तिथं काय होतं?"

उत्तर आईनंच दिलं. "भेगा हुत्या की. भेगा बघत जायाचो. एक झाली की पुढची."

मी तिच्याकडं वळले. "मग सांगितलं का नाहीस आम्हाला? एवढं सगळं उकरत होतो तेव्हा?"

"मला तरी कुठं म्हाईत हुतं?" आई म्हणाली. "मी आपली जात हुतो. आन त्यास्नी किती हौस आलती करायची."

आप्पा उठून मागच्या दारात गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. बाहेर पाऊस पडत होता आणि त्यांच्या हिरव्यागार परड्यातून पाणी कुठंही न थांबता भिंतीकडं वाहून जात होतं.

मला कुणावर राग काढावा ते कळेना. त्या मुलीवर काढला, मनातल्या मनात. ही आधी का आली नाही? डॉक्टरांवर काढला. लॉनवाल्यावर काढला, त्या बिचाऱ्याचा काय संबंध! भावाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "मग काढून टाका ना ते." मी म्हटलं, "काढलं तर खाली वाळू आहे, आप्पांनी ठोकलेली. तिला दहा उन्हाळे गेले तरी भेग पडायची नाही." काळ्या मातीच्या तोपर्यंत विटा होऊन कुणाच्या तरी भिंतीत गेल्या होत्या.

पाऊस उघडल्यावर आप्पा फक्की घेऊन आले. फुटबॉलच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पावडर. दोरी बांधून त्यांनी मागच्या दारापासून भिंतीपर्यंत पांढऱ्या रेघा मारल्या, आईच्या पावलाच्या अंतरानं. आणि काय सांगू, आई चालली! काठी टेकत, रेघ बघत, ओलांडत, पुढची रेघ, ओलांडत, अशी भिंतीपर्यंत गेली. मावशीनं भिंतीवरून हात पुढं करून तिचं तोंड कुरवाळलं. आप्पा पायरीवर बसून रडत होते आणि रडत नाही असं दाखवत होते. त्या दुपारी दोघी एवढ्या बोलल्या की चहा दुसऱ्यांदा करून भिंतीशी न्यावा लागला. मी नेला. मला वाटलं, सुटलो.

फक्की दवानं विरघळते. आप्पा रोज सकाळी नव्यानं मारायचे. मग त्यांनी पांढरा ऑइलपेंट आणला. तो गवताच्या पात्यांवर धरेना, पाती आडवी पडली की रेघ नाहीशी. कापडाच्या पट्ट्या टाकून बघितल्या, त्यात आईचा अंगठा अडकला. दिवाळी झाली आणि रेघा दिसत असूनही ती मधेच थांबायला लागली. आधी भिंतीजवळ, मग तारांखाली, मग दाराशीच. फिजिओच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली की हा आजार पुढं जातोच, रेघा काही त्याला थांबवत नाहीत, जेवढं चालतंय तेवढं चालू ठेवू. शिकलेली, नीट बोलणारी मुलगी. तिच्याकडंही याहून जास्त काही नव्हतं.

आप्पांना ते पटलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, की रेघ खोटी आहे म्हणून पाय उचलत नाही. खरी भेग पाहिजे.

एका दुपारी मी शाळेतून गेले तर आप्पा परड्यात गुडघे टेकून बसले होते. हातात कटर. दारापासून ते गवत आडवं कापत निघाले होते. बोटभर रुंदीची पट्टी कापायची, उपसून काढायची, की खाली काळी वाळू दिसते. हिरव्यात काळी रेघ. पट्ट्यांचा ढीग बाजूला पडला होता. आई दारातल्या खुर्चीत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"सांग की गं त्यास्नी," ती मला म्हणाली. "किती चांगलं केलंय, आन कापाय लागल्यात. माझ्यासाठनं कापाय लागल्यात."

"आप्पा, बास करा," मी म्हटलं.

"गप बस," आप्पा म्हणाले. मान वर केली नाही. एकेक भेग सरळ, सारख्या अंतरावर. कापलेली कड सुतासारखी होती. ज्या माणसानं जन्मभर भेग राहू दिली नाही तो आपल्या हातानं एकेक भेग पाडत चालला होता, आणि मला ते बघवत नव्हतं. मी आत गेले, भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "चल." आईला उठवलं, दारात उभं केलं. भिंतीशी मावशी येऊन थांबलेली. त्यांनीच तिला हाक मारून ठेवली होती. मी आईचा दंड धरला तर म्हणाले, "सोड तिला. धरलं की तिचं चित्त तुझ्याकडं जातंय. तू हिथंच थांब." मी पायरीवर थांबले.

आईनं पहिली भेग ओलांडली. दुसरी ओलांडली. तिसरीपाशी थांबली. आप्पा तिच्यापुढं उलटं चालत होते, दोन्ही हात पसरून, लहान मुलाला चालायला शिकवतात तसं. "बघ, खाली बघ. खरी भेग हाय. उचल." तिनं बघितलं. तिच्या टाचा थडथडायला लागल्या. "न्हाय वो उचलत," ती म्हणाली.

"उचलतंय."

"न्हाय उचलत. डोळ्यास्नी दिसतंय. पाय ऐकत न्हाय."

मग आप्पा खाली बसले. तिच्या पायाशी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी तिचं पाऊल धरलं, उचललं आणि भेगेच्या पलीकडं ठेवलं. मग दुसरं पाऊल. आईनं तोल सावरायला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. ते गुडघ्यांवरच मागं सरकले, पुढची भेग, पुन्हा पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं. तारांखालून ते गेले. मला ओरडायचं होतं, की बास, कशाला, कुणाला दाखवायचंय हे? पण मी पायरीवरच उभी राहिले. भिंत अजून लांब होती.

परड्याच्या मधोमध आल्यावर आप्पा थांबले. त्यांनी एक हात जमिनीला टेकला आणि उठायला गेले. उठता येईना. सकाळपासून गुडघ्यांवर होते, आणि त्यांचे गुडघे काही मावशीच्या गुडघ्यांपेक्षा बरे नाहीत. पुन्हा जोर लावला, तोंड लाल झालं, कंबर वर आली आणि खाली बसली. आईचा हात त्यांच्या डोक्यावरच होता. तो काढला तर ती पडणार होती. आणि ते हलले तरी ती पडणार होती.

भिंतीवरून मावशी ओरडली, "अगं, बघत काय राह्यलीस? धर की!"

मी धावले. त्यांच्यापाशी पोचले. आई पांढरीफटक पडली होती आणि लटलट कापत होती.

"आदी तिला धर," आप्पा खालून म्हणाले.

"मला राहू दे," आई म्हणाली. "आदी त्यास्नी उठीव."

"तिला धर म्हणतोय न्हवं!"

"त्यास्नी उठीव गं बाई."

दोघंही माझ्याकडं बघत होते. तिला धरलं तर आप्पा तसेच खाली राहणार, आणि त्यांना उठवायचं तर तिचा हात सुटून ती त्यांच्या अंगावर येणार. मी दोघांच्या मधे उभी होते, त्या कापलेल्या हिरव्या गवतावर, आणि माझाच पाय उचलेना.